टाकीपलीकडचे

दुकानदारांचे तराजू तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर उचलून न्यायचे, हे त्याचं काम. इतकी वर्षं तो ते करत आला होता की आता जगातली कुठलीही गोष्ट तो आधी खोटीच धरून चाले. कलिंगड घ्यायचं तर एक वाजवून बघायचा, मग शेजारचं, मग पुन्हा पहिलं, आणि शेवटी फळवालाच हात जोडून म्हणायचा, "साहेब, फुकट न्या, पण जा." लग्नाआधी मुलगी बघायला तो इतक्या वेळा गेला की तिच्या घरच्यांना तो बघायला येतो की जेवायला, हेच कळेना. अखेर सासऱ्यांनी स्वतःच तारीख काढून टाकली, म्हणून ते लग्न झालं. कार्यालयात, बाजारात, नात्यागोत्यात सगळे त्याला तपासनीसच म्हणत. बायको तेवढी अहो म्हणे.

हे कुटुंब राहायचं एका जुन्या इमारतीत, आणि बरोब्बर डोक्यावर होती व्यायामशाळा. कार्यालयात तपासनीस प्रमाणित वजनं चिमट्याने उचलायचा, मऊ कापडावर ठेवायचा, बोटाचा घाम लागू द्यायचा नाही. घरी आला की तसलीच लोखंडी वजनं छतावर धाडधाड आदळायची आणि दिव्याची दांडी हलायची. त्याचा अर्धा दिवस बाहेर जाई, म्हणून त्याचं भागत होतं. बायकोचं भागत नव्हतं. ती घरी बसून, कानाला हेडफोन लावून लोकांच्या मुलाखती, बैठका, जबान्या ऐकायची आणि टाईप करून द्यायची. ऐन मोक्याच्या वाक्याला वरचा एखादा पहिलवान वजन टाकायचा आणि वाक्य जायचं. ती मागे जाऊन पुन्हा ऐकायची, तोवर दुसरा टाकायचा. कामं परत येऊ लागली होती. तिला डोकेदुखी जडली होती, आणि हसायची सवयही हळूहळू मोडत चालली होती.

"आपण घर बदलू या," ती म्हणाली होती. मुलगी तेव्हा रांगत होती. आता मुलगी शाळेत जायची झाली, तरी तपासनीस घर बघतच होता.

घरं बघण्यात त्याने कसूर केली असं कोणी म्हणू नये. तो सगळ्यांचा सल्लाही घेई. मोठे साहेब म्हणाले, "लांब राहा, हवा चांगली असते." साहेब स्वतः कार्यालयाच्या मागच्या गल्लीत राहत आणि दुपारी घरी जाऊन झोपून येत. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "जवळच राहा," आणि एवढं बोलून दोन बस बदलायला पळाला. एक वस्ती इतकी शांत निघाली की तपासनिसाला संशय आला, हे लोक काहीतरी लपवत असणार. दुसरीकडे येणारा-जाणारा ओळख नसताना हसायचा, म्हणजे हे पुढे वर्गणी मागणार. तिसरीकडे सुंदर बाग होती. बागेच्या फाटकावर पाटी होती, आणि पाटीवर चेंडू, सायकल, कुत्रा, गवतावर बसणं आणि मोठ्याने हसणं, सगळ्याला बंदी होती.

"श्वास घ्यायचा राहिला लिहायचा," बायको म्हणाली.

"रंग ओला आहे अजून. लिहितील," तपासनीस म्हणाला.

मग एकदाची ती वस्ती सापडली. चढावरची, बैठ्या घरांची, मधोमध पाण्याची मोठी टाकी. बायकोला फाटकातच आवडली. तिथे एक घर रिकामं होतं, बसथांब्याच्या समोरच, आणि ते कोणाला द्यायचं हे वस्तीची समिती ठरवत असे. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवरा बसकडे बघत होता.

"जागा चांगली आहे गं," तो म्हणाला, "पण इथून रोज कामाला जाणं जमेल का, ते केल्याशिवाय कसं कळणार?"

"मग करून बघा आठवडाभर," ती म्हणाली. बिचारीला वाटलं, आठवडा म्हणजे आठवडाच.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तपासनीस घरातून निघाला, रिकाम्या बसने उलट्या दिशेने त्या वस्तीत गेला, उतरला, रस्ता ओलांडला आणि तिथल्या लोकांच्या रांगेत उभा राहिला, कामाला जायला. जिथून आलो तिथेच परत जाण्यासाठी एवढ्या पहाटे धडपडणारा माणूस कंडक्टरने आजवर पाहिला नव्हता. त्याने तिकीट देताना एकदा तोंडाकडे बघून घेतलं, पण विचारलं नाही.

विचारलं ते रांगेतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. बाई ठणठणीत, आवाज खणखणीत, आणि समोरच्याने तोंड उघडलंच पाहिजे अशी धंद्याची सवय.

"नवीन दिसता. कुठलं घर?"

आता इथे खरं सांगायला काय हरकत होती? पण एवढ्या सगळ्या भल्या माणसांना तोंडावर कसं सांगायचं, की मी तुम्हाला तपासायला आलोय? त्याने हात वर करून मोघम हलवला आणि म्हणाला, "हे काय, टाकीपलीकडे."

टाकीपलीकडे नवी घरं झाली होती. तिथले लोक आपापल्या मोटारीतून काचा वर करून जात आणि कोणाला ओळख देत नसत. त्यामुळे टाकीपलीकडचा एक माणूस चक्क आपल्यासारखा बसच्या रांगेत उभा राहतो, याचं रांगेला भारी कौतुक वाटलं. डॉक्टरीणबाईंनी सरकून जागा दिली. बँकेतल्या कॅशियरने आपल्या पाठदुखीची सगळी हकीकत सांगितली. कुलपांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ होते, ते एरवी घुमे, पण त्यांनीही विचारलं, "कुलपं बदललीत का? जुन्या कुलपांवर राहू नका." तपासनिसाला त्या दिवशी कार्यालय कधी आलं ते समजलंही नाही.

आठवडा संपला. तपासनीस घरी म्हणाला, "कोरड्या दिवसांत जमतं. पावसात बघायला हवं." पाऊस पडला, भिजून झालं. मग थंडीत बघायला हवं होतं. मग बसवाल्यांच्या संपात काय होतं, तेही बघणं भाग होतं, आणि संप काही केल्या होईना.

खरं सांगायचं तर आता तो तपासत नव्हताच. मजा करत होता. जन्मभर तो जिथे जाईल तिथे लोक गप्प व्हायचे, गल्ल्यामागून उठून उभे राहायचे, घाम पुसायचे. इथे माणसं त्याची वाट बघत. कॅशियरची आई गेली तेव्हा खांद्यावर हात ठेवायला हा होता. खिडकीच्या जागेवरून रोज वादावादी व्हायची, कोणीतरी आधीच रुमाल टाकून ठेवायचं. याने प्रत्येकाची पाळी लावून दिली, आणि पाळ्या इतक्या काटेकोर की कुलूपवाल्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. पाळीत त्याचीही खिडकी होती, हे ओघाने आलंच. सगळे त्याला 'टाकीपलीकडचे' म्हणत. "टाकीपलीकडचे, जरा हे बघा." "टाकीपलीकडच्यांना विचारा, ते सरळ सांगतील." हे 'सरळ सांगतील' ऐकताना पहिल्या महिन्यात त्याला चोरट्यासारखं व्हायचं. पुढे तेही होईनासं झालं.

संध्याकाळी तो घरी यायचा तो थकून, पण गोष्टी घेऊन. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, कॅशियरची पाठ कशी आहे, कुलूपवाले आज चक्क गाणं गुणगुणले. वर धाडधाड चाललेली असायची. मुलगी बसची चित्रं काढायची आणि प्रत्येक खिडकीत एकेक माणूस बसवून त्याचं नाव सांगायची. बायको ऐकायची. सुरुवातीला हसूनही ऐकायची.

"एवढी चांगली माणसं आहेत तर घ्या ना ते घर," ती म्हणायची.

"घेऊ गं. एवढी थंडी होऊन जाऊ दे."

घर घेतलं की बिंग फुटणार, हे त्याला पक्कं कळून चुकलं होतं. ज्या एकाच वस्तीत सगळे आपल्याला ओळखतात, तिथेच आपल्याला घर मागता येत नाही, कारण सगळ्यांच्या मते आपण तिथे राहतोच आहोत. असला घोटाळा त्याने कोणाच्या तराजूत पकडला असता, तर बोलावून दहाजणांना दाखवला असता. आपल्याच घरचा म्हणून तो गप्प बसून होता.

एक दिवस बायकोचं मोठं काम परत आलं. अर्ध्या वाक्यांच्या जागी तिने प्रामाणिकपणे टिंबं दिली होती, आणि देणाऱ्याने कळवलं होतं की टिंबं आम्हालाही देता येतात, यापुढे तसदी घेऊ नका. ती रडली नाही. हेडफोन गुंडाळून डब्यात ठेवले आणि म्हणाली, "सुट्टी संपून शाळा सुरू होईल, त्याआधी आपण तिथे असू. नाहीतर मी हिला घेऊन दादाकडे जाते. मग तुम्ही सगळे ऋतू तपासत बसा."

तिने वाट बघितली नाही. स्वतः वस्तीत गेली, समितीला भेटली आणि रविवार संध्याकाळची बैठक ठरवून आली. समितीत कोण कोण आहेत हे तिने जेवताना सांगितलं तेव्हा तपासनिसाच्या हातातला घास हातातच राहिला.

"तुमच्याच ओळखीच्या निघाल्या डॉक्टरीणबाई," ती म्हणाली, "मी मुद्दाम तुमचं नाव काढलं नाही. म्हटलं, तुम्हाला बघून एकदम खूश होतील."

रविवारी मुलीला मामाकडे सोडून दोघं निघाली. वाटेत त्याने सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा हवापाण्याचं बोलून मिटवलं. वस्तीच्या सभागृहाशी पोचल्यावर त्याला एकाएकी चपलेचा अंगठा शिवून आणायची आठवण झाली. "तू हो पुढे," म्हणून तो बाहेरच थांबला. थांबून थांबून किती थांबणार? शेवटी आत गेला.

लांबट टेबलाच्या पलीकडे डॉक्टरीणबाई, कॅशियर आणि कुलूपवाले बसले होते. अलीकडे एकटी बायको.

"अरे, टाकीपलीकडचे! या, या, देवासारखे आलात," डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. "बघा ना, या बाई चांगल्या दिसतात, पण यांना वस्तीतलं कोणी ओळखत नाही. आपला नियम तुम्हाला माहीतच आहे, इथल्या कोणीतरी खात्री द्यायला लागते. यांचे मिस्टर येणार होते म्हणे, त्यांचाही पत्ता नाही. तुम्ही ओळखता का यांना?"

बायकोने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. टाकीपलीकडचे. देवासारखे आलात. थंडी होऊन जाऊ दे. नियम तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर लोकांची अर्धवट वाक्यं जुळवणारी बाई ती. तिला हे जुळवायला कितीसा वेळ लागणार? तिचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग एकदम शांत झाला.

"ओळखतात ते," ती म्हणाली. "चांगले ओळखतात."

"वा! मग प्रश्नच मिटला," कॅशियर म्हणाला. "बाई कशा आहेत?"

"फार चांगल्या," तपासनीस म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "कामाच्या पक्क्या. कधी कोणाला दुखवत नाहीत."

"आणि मिस्टर?" कुलूपवाल्यांनी विचारलं. "बाई चांगली असते हो, नवरा बघायला लागतो."

"सांगा ना," बायको म्हणाली. "कसे आहेत?"

आता याला तिथे खोटं बोलता आलं असतं. गृहस्थ उत्तम, निर्व्यसनी, सरकारी नोकरीत, एवढ्यावर भागलं असतं. पण माणसाला आपल्याबद्दल परक्यासारखं बोलायची वेळ एरवी येत नाही. ती आली, आणि त्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडू लागलं.

"माणूस दुष्ट नाही," तो म्हणाला. "पण ठरवत काही नाही. त्याला वाटतं, आपण नीट बघून मग करणार आहोत. बघण्यातच सगळं जातं. डोक्यावर धाडधाड चाललेली असते, बायको त्यात काम करते, तिचं डोकं फुटायची वेळ येते, आणि हा रोज सकाळी उठून बाहेर जातो. बाहेर त्याचं बरं चाललंय. चार लोकांत हसतो, त्यांच्या अडीअडचणीला धावतो. घरी येतो तो सगळं हसू खर्च करून. घरच्यांना थकलेला मिळतो. तिने काही मागितलं की म्हणतो, थांब, अजून तपासायचंय. ती थांबली. फार थांबली हो ती."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला.

"मेला," त्या म्हणाल्या.

"असतात असली माणसं," कॅशियर हळहळला. "आमच्या बँकेत एक आहे."

"घर बाईंना द्या," कुलूपवाले म्हणाले. "आणि कुलूप मी स्वतः बसवून देतो. आतून अडसर लावून."

घर एकमताने मंजूर झालं. वर डॉक्टरीणबाईंनी तपासनिसाचा हात धरून बजावलं, "तुम्ही जवळ आहातच. बाईंकडे जरा लक्ष असू द्या. तुमच्यासारख्या माणसाचा आधार असतो."

बाहेर आल्यावर दोघं थांब्यापर्यंत चालत गेली. मग तो म्हणाला, "चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली.

"पण घर मिळालं."

"मला मिळालं."

"मग... सामान कधी हलवू या?"

"माझं आणि हिचं या आठवड्यात हलवते," ती म्हणाली. "तुमचं राहू द्या. आधी तुमच्याशिवाय राहून बघते. जमतं का, ते केल्याशिवाय कसं कळणार?"

चिडून म्हणाली असती तर त्याने समजूत काढली असती. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली.

सामान टेम्पोत चढवायला त्याने मदत केली. टेम्पो निघाला तेव्हा त्याला सोबत जाता येईना. त्या संध्याकाळी वरचे पहिलवान नेहमीसारखेच वजनं टाकत होते आणि खाली जेवायला एकच ताट होतं. बायको वर्षानुवर्षं काय ऐकत होती, ते त्याने त्या दिवशी पहिल्यांदा बसून ऐकलं. फार वाईट वाटलं त्याला, आणि ते सांगायला घरात कोणी नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी तो सवयीने पुन्हा वस्तीत गेला आणि रांगेत उभा राहिला. रांगेत नव्या बाईंचाच विषय चालू होता.

"तुमच्या त्या बाई आल्या हो राहायला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी शांत झोप लागली म्हणाल्या. मुलगी तर काय, गोड आहे. मिस्टर काही दिसले नाहीत, सुटलो."

"येतील कदाचित," तपासनीस म्हणाला.

"न आलेले बरे," कॅशियर म्हणाला.

तेवढ्यात समोरच्या घराची खिडकी उघडली. मुलगी गजांवर चढून उभी राहिली, केस विस्कटलेले, झोपेतून नुकतीच उठलेली. तिला रांग दिसली, रांगेत आपला माणूस दिसला.

"बाबा!" तिने हात हलवला. "ए बाबा!"

"कोणाला हाक मारतेय ही?" डॉक्टरीणबाईंनी मागे-पुढे बघितलं. कुलूपवाल्यांनी उगाच आपला हात हलवून दिला.

तपासनिसाने बुटांकडे बघितलं. बस चढावर दिसू लागली होती. आणखी थोडा वेळ बुटांकडे बघितलं असतं तर निभावून गेलं असतं. पण मुलीचा हात हळूहळू खाली येत होता. त्याला ते सोसवलं नाही.

"मला," तो म्हणाला. "तिचा बाप मी. ते मिस्टर मीच. टाकीपलीकडे मी कधीच राहत नव्हतो. तुम्ही कसे आहात ते बघायला येत होतो, आणि मग येतच राहिलो."

कॅशियरचा चेहरा हळूहळू लालबुंद झाला. आता हा बायकोच्या छळाचा जाब विचारणार, असं तपासनिसाला वाटलं.

"म्हणजे," कॅशियर म्हणाला, "इतके महिने खिडकीच्या पाळीत तुम्ही बसत होता? इथले नसताना?"

"माझी पाठ बघा आणि यांची खिडकी बघा," असंही तो पुढे म्हणाला. कुलूपवाले म्हणाले, की पाळ्या यांनीच लावल्या होत्या तेव्हाच आपल्याला शंका आली होती, जी अर्थातच आली नव्हती. बस येऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाईंनी पायरीवर एक पाय ठेवला आणि वळल्या.

"घर बाईंना दिलंय, ते बाईंचंच राहील," त्या म्हणाल्या. "तुमचं काय करायचं, ते बैठकीत बघू."

बस भरली. आज खिडकी तपासनिसाची होती. तिच्यावर दोघांनी एकदम रुमाल टाकला आणि बस भांडत भांडत निघून गेली. तो एकटा थांब्यावर राहिला. मग रस्ता ओलांडून समोर गेला आणि दार वाजवलं.

आतून अडसर सरकल्याचा आवाज आला. बायकोने दार उघडलं. गळ्यात हेडफोन होते, आणि मागे घर इतकं शांत होतं की पाण्याचं भांडं तापताना ऐकू येत होतं.

"बस चुकली?" तिने विचारलं.

"सोडली."

"का?"

त्याने कारण शोधलं. एरवी त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीची चार कारणं असत. "हिने हाक मारली," तो म्हणाला.

मुलगी आईच्या मागून डोकावत होती. बायको त्याच्याकडे बघत राहिली, बराच वेळ, न हसता. त्याला वाटलं, दुकानदारांना आपल्यापुढे उभं राहताना हे असंच वाटत असणार.

"या आत," ती म्हणाली. "पण सामान अजून तिकडेच राहू द्या."